लांबचा आधी

नाही म्हणणं हे येरागबाळ्याचं काम नाही. चंद्रपूरकडच्या आमच्या सावली गावात तर नाहीच नाही. इथं माणूस जेवताना पुरे म्हणाला की त्याच्या पानात भाताचा आणखी एक डोंगर पडतो, आणि चहाला नको म्हणाला की याच्या घरी काही बिनसलं काय, अशी चौकशी गल्लीभर सुरू होते. अशा गावात राहून कांताबाई मारबते यांनी एका उन्हाळ्या-पावसाळ्यात अध्यक्षांपासून शेजारणीपर्यंत झाडून सगळ्यांना नाही म्हटलं. तेही तोंडावर, आणि तेही कुणी प्यालेलं नसताना.

साल दोन हजार आठ. कांताबाई मच्छीमार संघात हेडक्लार्क होत्या. दोन जिल्ह्यांतल्या तळ्यांवर आणि बोड्यांवर, म्हणजे लहान तळ्यांवर, ज्या मच्छीमार सोसायट्या आहेत, त्यांचा हा संघ. वर्षभर तिथं पंखा फिरायचा आणि माणसं बसायची. पण आषाढात बीजवाटपाचा दिवस आला की संघाच्या आवारात जत्रा भरे. मासळीचं बीज म्हणजे जिऱ्याएवढी जिवंत पिलं. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरायचं, पिलं सोडायची, वर प्राणवायू भरायचा आणि तोंड बांधायचं. एकदा पिशवी बांधली की पळत सुटायचं. तळं गाठायला उशीर झाला, तर पिशवीत उरते ती पांढरी पेज.

आता सरळ बुद्धीचा माणूस म्हणेल, ज्याचं तळं लांब त्याला आधी पिशव्या द्या, म्हणजे तो उन्हाच्या आत निघेल. पण संघ सरळ बुद्धीवर चालत नव्हता, मानावर चालत होता. पहिली पिशवी अध्यक्षांच्या गावाला, दुसरी उपाध्यक्षांच्या, मग संचालकांच्या गावांना, त्यातही ज्येष्ठ-कनिष्ठ पाहून. हे सगळे मानकरी सायकलच्या टप्प्यातले. पार जंगलापलीकडच्या सिरोंच्याचा पोचन्ना मात्र आदल्या दिवशी मुक्कामाला येऊन दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी पिशव्या घ्यायचा, आणि आष्टी, आलापल्ली करत खड्ड्यांतून घरी पोचायचा तो अर्धं बीज मारून. मागच्या साली तर सगळंच मेलं. पोचन्ना त्याच पिशव्या घेऊन परत आला आणि त्यानं त्या कांताबाईंच्या टेबलावर ओतल्या. शिवी दिली नाही, रडला नाही. "अक्का, मोजून घ्या," म्हणाला आणि निघून गेला. कांताबाई मासेमार ढिवराच्या घरची लेक, मासळीशिवाय त्यांचा घास उतरत नसे. पण त्यानंतर कित्येक दिवस त्यांनी मासळीकडं पाहिलं नाही.

त्यामुळे संघाला कॉम्प्युटर मंजूर झाला आणि त्यातला प्रोग्राम करायला चंद्रपूरहून अमरीन आणि रईस हे दोघं आले, तेव्हा बाकीच्यांना वाटलं टाइपरायटर बदलतोय. कांताबाईंना पोचन्ना आठवला.

अमरीन पुण्याच्या कंपनीत राहून आलेली, बारीक अंगाची आणि ठाम बोलणारी मुलगी. तिनं पहिल्याच सभेत संचालक मंडळाला घाम फोडला.

"आम्ही सगळं करून वर्षानं आणून देत नाही," ती म्हणाली. "पंधरा दिवसांत थोडं करू, तुम्हाला दाखवू, चुकलं तर बदलू. मग पुढचं घेऊ. फक्त आधी काय करायचं आणि नंतर काय, हे तुमच्यातल्या एकाच माणसानं सांगायचं. त्याला आमच्यात प्रॉडक्ट ओनर म्हणतात. त्याचा शब्द शेवटचा."

"एकाच माणसानं?" अध्यक्ष नानाजींनी पान गालात सरकवलं. नानाजी म्हणजे इस्त्रीच्या कपड्यातला मान. ते आले की दाराचा पडदासुद्धा बाजूला व्हायला पाहिजे अशी त्यांची अपेक्षा. "पोरी, हा सहकार आहे. इथी एकट्यानं कोणी शिंकत बी नाई. उपसमिती करून देतो, सगळे संचालक घेऊन."

"सगळे वेगवेगळं सांगतील, साहेब. मग आम्ही कोणाचं करायचं?"

"सगळ्याईचं."

"पण आधी कोणाचं?"

हा प्रश्न संघाच्या इतिहासात कुणी तोंडावर विचारला नव्हता. संचालकांनी एकमेकांकडं पाहिलं आणि मग एकदम सगळ्यांनाच ते पद हवंसं झालं. गलका झाला. शेवटी एका अनुभवी संचालकानं मुद्द्याचं विचारलं, "बरं, हे जमलं नाई तं लोकायच्या शिव्या कोन खाईन?"

"तोच," अमरीन हसून म्हणाली.

गलका थांबला. सगळ्यांनी सावकाश माना वळवल्या आणि कोपऱ्यात सभेचा वृत्तांत लिहिणाऱ्या कांताबाईंवर नजर आणून ठेवली. ठराव एकमतानं झाला. सहकारी संस्थेत कुणाला ओनर कसं म्हणायचं, म्हणून ठरावात "कार्य-क्रम-निश्चिती लिपिक, अतिरिक्त कार्यभार, विनामोबदला" असं पद लिहिलं गेलं. कांताबाईंनी ते स्वतःच्याच हातानं लिहिलं आणि खाली एक ओळ वाढवली, की सदर लिपिकाचा शब्द शेवटचा राहील. नानाजींनी न वाचता सही केली. सही करताना वाचणं त्यांना कमीपणाचं वाटे.

अमरीननं शिकवलेली रीत सोपी होती. ज्याला जे पाहिजे ते एका चिठ्ठीवर लिहायचं आणि भिंतीला लावायचं. जी चिठ्ठी वर, ते काम आधी. जी खाली, ते मागून. वर-खाली फक्त कांताबाईंनी करायचं. गोंद मागवायला कोटेशनं लागली असती, म्हणून चिठ्ठ्या भाताच्या शितानं चिकटवल्या. कांताबाईंनी पहिली चिठ्ठी लिहून खुर्चीवर चढून सगळ्यात वर लावली: बीजवाटपाची रांग, लांबचा आधी.

मग जो पूर आला तो आला. पहिली मागणी खुद्द नानाजींची. कॉम्प्युटर सुरू केला की आधी त्यांचा हात जोडलेला फोटो दिसला पाहिजे, आणि तो फोटो तरुणपणीचा. उपाध्यक्षांना फोटो नको होता, पण नानाजींचा लागला तर लागलाच पाहिजे होता. एका संचालकाला त्यात पंचांग पाहिजे होतं. दुसऱ्याला तिसऱ्याच्या गावात किती मासळी निघते ते बघायचं होतं, पण आपल्या गावची कुणाला दिसू द्यायची नव्हती. शिपाई म्हणाला, बाई, कॉम्प्युटरवर घंटी बसवा, म्हणजे साहेबांनी बोलावलं ते मले ऐकू येईन. साहेबांच्या टेबलावर घंटी होतीच. ती त्याला गेली बारा वर्षं ऐकू येत नव्हती.

घरीही सुटका नव्हती. शेजारीण गुणाबाई संध्याकाळी वाटी घेऊन आली. तिच्या हातात वाटी असली की काहीतरी मागायचं असतं आणि ते साखर कधीच नसतं. "कांते, तुह्या कॉम्प्युटरमंदी माह्या सोनूची पत्रिका टाकून पाय ना. मूल गावची एक पोट्टी सांगून आली आहे."

"तो मासळीचा कॉम्प्युटर आहे, गुणाबाई."

"मासळीले का पत्रिका नसते? मीन रास कायची आहे मंग?"

कांताबाईंनी चिठ्ठी लिहून घेतली आणि दुसऱ्या दिवशी नियमानं भिंतीला लावली, सगळ्यात खाली. गुणाबाई तीन दिवसांनी संघात येऊन आपली चिठ्ठी पाहून गेली आणि खाली लावली म्हणून आठवडाभर बोलली नाही. त्या आठवड्यात कांताबाईंची झोप फार चांगली झाली.

नवरा श्रावण जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. माणूस गरीब. त्याला भांडण म्हटलं की घशाला कोरड पडे. "कांता, तू सगळ्याईले हो म्हन," त्यानं युक्ती सांगितली. "हो म्हनायचं आन् करायचं नाई. आमची सगळी शाळा त्याच्यावर चालते."

"मी नाई म्हनते आन् करत बी नाई," कांताबाई म्हणाल्या. "माहा हिशोब सोपा आहे."

"लोकं नाराज होतात ना वो."

"होऊ दे. मासळ्या तं जगतीन."

आणि भिंतीचं तर एक निराळंच नाटक सुरू झालं. रोज सकाळी येऊन पाहावं तर चिठ्ठ्यांची जागा बदललेली. पंचांग वर, रांग खाली. कांताबाई निमूटपणे पुन्हा लावत. एक दिवस त्या जेवणाच्या सुटीत डबा अर्धा टाकून परत आल्या, तर नानाजी स्टुलावर उभे. एका हातात स्वतःच्या फोटोची चिठ्ठी, दुसऱ्या हाताच्या बोटाला भाताचं शीत.

"मी भिंत तपासून राह्यलो," नानाजी वरूनच म्हणाले. "ओल धरली आहे."

"ओल खालीच असते, नानाजी. उतरा. तुमची चिठ्ठी द्या इकडं."

अध्यक्ष उतरले. उतरताना स्टूल शिपायानं धरलं आणि त्यानं ते सगळ्या गावाला सांगितलं. नानाजींच्या मनात अढी बसली ती तेव्हाची.

पंधरा दिवस झाले आणि अमरीनची झालेलं काम दाखवायची वेळ आली. ती साधं म्हणाली होती, "थोडं झालंय, पाहून घ्या, चुका सांगा." आता अर्धवट वस्तू चारचौघांत दाखवायची ही रीत आमच्याकडं नाही. अर्धी भाजलेली भाकर कुणी पाहुण्याच्या पानात टाकत नाही. दाखवायचं म्हणजे उद्घाटन, आणि उद्घाटन म्हणजे मांडव. नानाजींनी पत्रिका छापल्या. पत्रिकेत प्रमुख पाहुणे होते, विशेष पाहुणे होते, माइक देणारा होता. कांताबाईंचं नाव कुठंच नव्हतं. त्यांनी पत्रिका उलटी करून पाहिली. मागं छापखान्याचं नाव होतं.

समारंभात भाषणांवर भाषणं झाली. मग प्रमुख पाहुण्यांनी नारळ फोडायचा म्हणून दगड शोधला, दगड मिळेना, तेव्हा त्यांनी तो टेबलाच्या कडेवर फोडला. नारळ चांगला निघाला. त्याचं सगळं पाणी कीबोर्डात गेलं. टाळ्या वाजल्या, वीज गेली, लोक पोहे खाऊन घरी गेले. प्रोग्राम कुणीच पाहिला नाही, पण झाला झक्कास असं सगळे म्हणाले.

खरी गंमत पुढं. दुसऱ्या दिवशी अमरीननं काहीतरी बदलायला घेतलं, तर नानाजी धावत आले. "आता कायचा बदल? नारळ फुटला ना! नारळ फुटल्यावर काम पक्कं झालं. फुटलेल्या नारळाले कोणी हात लावते काय?"

"साहेब, हे तर आता सुरू झालंय," अमरीन म्हणाली.

"मंग काल का झालं?"

"काल पोहे झाले," कांताबाई म्हणाल्या.

पुढच्या पंधरवड्याला कांताबाईंनी मांडव उचलू दिला नाही. मांडववाला दारात बांबू घेऊन उभा, आणि बाई त्याच्यासमोर पदर खोचून उभ्या. त्या दिवशी फक्त जाळं टाकणारी माणसं बोलावली. त्यांना कॉम्प्युटर दाखवला. ते जे बोलले ते चिठ्ठ्यांवर उतरवून घेतलं. नानाजींना मांडव नाही, हार नाही, म्हणजे आपला अपमानच वाटला, आणि अपमान गिळणं त्यांच्या घराण्यात नव्हतं.

वरच्या कचेरीतून पत्र आलं ते याच सुमारास. संघाच्या नोंदवहीत एक वस्तू दाखल आहे, ती अपूर्ण आहे, आणि दर पंधरा दिवसांनी तिच्यात बदल होतो असं कळतं. खुलासा करावा. कांताबाईंनी खरंखुरं उत्तर दिलं, की वस्तू हळूहळू वाढत आहे. उलट टपाली विचारणा आली: वाढते म्हणजे सदर वस्तू जनावर आहे काय? असल्यास पशुवैद्यकीय दाखला जोडावा. कांताबाईंनी दोन रात्री दात-ओठ खाल्ले. मग लिहून टाकलं, की वस्तू निरोगी आहे, दाखल्याची गरज नाही. त्यावर कचेरी गप्प बसली. कदाचित समाधान झालं असेल.

बीजवाटप जवळ आलं तसे नानाजी आडून खेळायचे सोडून समोर आले. त्यांनी अमरीनला एकटीला गाठलं. "पोरी, रांग बिंग ठीक आहे. पण त्यात एक बटन टाक. विशेष. ते दाबलं का माह्या गावाचा नंबर पयला."

"बाईंना विचारा," अमरीन म्हणाली.

"अध्यक्ष मी आहो का बाई?"

"अध्यक्ष तुम्हीच. पण माझं काम बाई ठरवतात. ठरावावर तुमचीच सही आहे, साहेब."

नानाजींनी तो ठराव तेव्हा पहिल्यांदा वाचला. सगळा वाचून झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी कांताबाईंचं टेबल जुन्या जाळ्यांच्या गोदामात गेलेलं होतं. कारण काय, तर हॉलमध्ये रंगकाम. रंगाचा डबा काही आला नाही. गोदामात जाळ्यांचा कुबट वास आणि उंदरांचा सुळसुळाट. हेडक्लार्क बाई उंदरांत बसल्यात, हे बघायला लोक येऊन जात, आणि "बाई, बरं आहे ना?" असं विचारत. ते विचारणं उंदरांपेक्षा वाईट होतं. कांताबाईंना राग आला, रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

संध्याकाळी गुणाबाई समजवायला आली. "अवो, कायले अध्यक्षाच्या तोंडी लागते? पाण्यात राहून माशाशी वैर करू नाई."

"माशाशी माहं वैरच नाई, गुणाबाई," कांताबाई ताडकन म्हणाल्या. "माशासाठीच तं भांडून राह्यली. माहं वैर पाण्यात न उतरता मान मागणाऱ्यायशी आहे."

श्रावण मास्तर आतून हळूच म्हणाला, "एक बटनच तं आहे, कांता. देऊन टाक ना."

कांताबाई उठून आत गेल्या. "तुमी पाह्यल्या होत्या त्या पिशव्या? मी पाह्यल्या. माह्या टेबलावर होत्या. एक बटन नानाजीले देलं का दुसरं उपाध्यक्षाले द्या लागते, मंग तिसऱ्याले. सगळेच विशेष झाले का पोचन्ना पुन्हा शेवटी. मंग कॉम्प्युटर कायले आणला, मेलेलं बीज मोजाले?" दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी मास्तर गोदामात आला आणि उंदरांचा पिंजरा लावून गेला. त्याच्या परीनं त्यानं बाजू घेतली होती.

वाटपाचा दिवस उजाडला. संघाच्या आवारातल्या बीजाच्या हौदाजवळ टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, बाजूला जनरेटर, कारण विजेवर विश्वास ठेवायचं वय कुणाचंच राहिलं नव्हतं. रात्रीपासून मुक्कामाला आलेली माणसं डोळे चोळत गोळा झाली. अमरीन टोकन छापत होती. रईसच्या हातात माइक होता.

"पहिला नंबर," रईसनं पुकारलं, "सिरोंचा!"

पोचन्ना जागचा हललाच नाही. त्याला वाटलं, शेवटून मोजतायत. शेजारच्यानं ढकललं तेव्हा कुठं तो पुढं आला. आणि त्याच वेळी नानाजींचा पुतण्या भूपेश टेम्पो घेऊन थेट हौदाला भिडला. मागं कडक पांढऱ्या कपड्यांत नानाजी.

"पयली पिशवी आमच्या गावाची," नानाजी म्हणाले. "बापजाद्यापासून मान आहे."

"तुमचा नंबर शेवटी आहे, नानाजी," कांताबाई म्हणाल्या.

"शेवटी?"

"तुमचं गाव सगळ्यायत जवळ आहे. त्या देवळाचा कळस दिसते ना, तेच तुमचं गाव. सिरोंच्याची गाडी पोचता पोचता दिवस बुडते."

नानाजींनी रईसच्या हातातला माइक ओढून घेतला आणि आपल्या गावाचं नाव तीनदा पुकारलं. आवाज थेट कळसापर्यंत गेला असेल. हौदात उभा राहून पिशव्या भरणारा गडी मात्र हात बांधून उभा राहिला. त्याला टोकन दिसल्याशिवाय पिशवी भरायची नाही असं बाईंनी बजावलं होतं, आणि त्याला नानाजींपेक्षा बाईंची भीती जास्त होती.

"कांताबाई," नानाजींचा चेहरा तांबडा झाला, "मी अध्यक्ष आहो. मी सांगून राह्यलो. आमच्या गावाचे लोकं ताटकळत उभे राहावे काय?"

"आमी राहातो ना उभे!" गर्दीतून आवाज आला. ताराबाई होती, नानाजींच्याच गावची, सोसायटीची सभासद, डोक्यावर टोपलं. "आमाले का घाई आहे, अध्यक्ष? आमी तं पिशव्या डोक्यावर घेऊन चालत जाऊ. त्या मानसाले जाऊ द्या, त्याचं तं लय लांब आहे."

"तारे, तू चूप! मान तुहा नाई, माहा आहे!"

हे वाक्य माइकवरून गेलं. सगळ्या आवारानं ऐकलं. मागं कुठंतरी एक जण फिस्सकन हसला आणि त्याचं हसणं पसरत पसरत हौदातल्या गड्यापर्यंत आलं.

कांताबाई मात्र हसल्या नाहीत. त्या टेम्पोसमोर येऊन उभ्या राहिल्या. "मान तुमचा आहे ना, नानाजी? मंग हार आना, मी घालते. पाह्यजे तं पाया पडते. पन बीज नाई देत. बीज लांबच्याले आधी." आणि भूपेशकडं वळून म्हणाल्या, "टेम्पो मागं घे बाबू. सिरोंच्याची गाडी निघू दे."

भूपेशनं काकाकडं पाहिलं, बाईंकडं पाहिलं, गर्दीकडं पाहिलं आणि टेम्पो मागं घेतला.

सगळं काही सुरळीत झालं असं मुळीच नाही. टोकन छापणारं यंत्र दोनदा अडकलं. एटापल्लीवाल्यांचं टोकन बकरीनं खाल्लं. आणि भामरागडचे लोक येऊन तावातावानं भांडले: "बाई, तुमच्या कॉम्प्युटरले किलोमीटर समजते, नाला समजत नाई काय? आमच्या वाटंत पूल कुठी आहे? उतार होयेपर्यंत काठावर बसा लागते." त्यांचं खरं होतं. कांताबाईंनी तिथल्या तिथं चूक कबूल केली, त्यांना पुढं घेतलं आणि नवी चिठ्ठी लिहिली: रस्ता किती खराब, तेही धरणे. अमरीन म्हणाली, पुढच्या पंधरा दिवसांत करते. ऊन चढायच्या आत जंगलातल्या सगळ्या गाड्या निघून गेल्या. मग जवळची गावं. सगळ्यात शेवटी नानाजींचं. भूपेश स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपला होता. ताराबाई आणि तिच्या मैत्रिणी पिशव्या डोक्यावर घेऊन गप्पा मारत चालत निघून गेल्या आणि त्या टेम्पोच्या आधी पोचल्या.

दिवेलागणीला नानाजींनी तातडीची सभा घेतली. सगळे संचालक हजर. विषय एकच, आणि तो सगळ्यांना माहीत होता. वृत्तांत लिहायला हेडक्लार्कच लागते म्हणून कांताबाईंना गोदामातून बोलावलं. त्या आल्या आणि आपल्या कोपऱ्यात बसल्या. कुणी त्यांच्याकडं पाहत नव्हतं. नोकरी गेली तर काय, हा विचार त्यांनी दिवसभर दाराबाहेर उभा करून ठेवला होता, तो आता आत शिरला.

तेवढ्यात फोन वाजला. कांताबाईंनीच उचलला. पलीकडचा माणूस एसटीडी बूथवरून असा ओरडत होता, की सभेला फोनची गरजच नव्हती.

"अक्का! पोचन्ना बोलतो! सोडलं तळ्यात! सगळं जितं आहे अक्का! सगळं! पोरं तळ्यावरून घरी यायला तयार नाहीत!"

"बरं," कांताबाई म्हणाल्या. "बरं झालं, पोचन्ना," म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

संचालकांपैकी एक जण खाकरला. दुसरा छताकडं पाहू लागला. उपाध्यक्ष हळूच म्हणाले, "नानाजी, राहू द्या ना आता." पण नानाजी राहू देणारे नव्हते.

"लिहा," ते कडाडले. "कांताबाईले या कामावरून काढून टाकावं. आजच. माही मागणी आहे. लिहा!"

कांताबाईंनी वृत्तांताची वही मिटली. एक कोरी चिठ्ठी घेतली आणि नानाजी बोलले ते शब्दन् शब्द सुवाच्य अक्षरात लिहून काढलं. खाली तारीख घातली. मग उठून डब्यातलं भाताचं शीत बोटावर घेतलं आणि त्या भिंतीपाशी गेल्या. सगळी सभा बघत होती. वर रस्त्याची चिठ्ठी होती, मग पुलांची, मग जाळी वाटपाची, मग पंचांग, मग नानाजींचा फोटो, मग सोनूची पत्रिका. कांताबाई खाली वाकल्या, आणखी वाकल्या, गुडघे टेकून बसल्या, आणि पत्रिकेच्याही खाली, अगदी फरशीला लागून, त्यांनी ती चिठ्ठी अंगठ्यानं दाबून चिकटवली.

"लिहून घेतलं, नानाजी," त्या उठत म्हणाल्या. "नंबर आला का करू."